मोरचूद न लावलेला गहू

अब्बांची नजर गेली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. करमाडच्या सरकारी शाळेत ते उर्दू शिकवायचे. आधी त्यांना फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली, मग मुलांचे चेहरे. एक दिवस वर्गात त्यांनी एका मुलाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली आणि त्याच आठवड्यात स्वतःहून नोकरी सोडली. औरंगाबादेत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण तो डोळा पिकला आणि कायमचा गेला. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ऊन आहे की सावली, एवढंच त्यांना कळायचं.

घरात आम्ही तिघंच होतो, अम्मी, अब्बा आणि मी. मला अब्बांनीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं, अर्थात उर्दू. निजाम सरकारचे दिवस. कचेरीचा कागद असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं उर्दूत यायचं. नजर गेल्यावर अब्बा मला रोज सकाळी समोर बसवायचे आणि घरात असेल-नसेल तो छापील कागद वाचून घ्यायचे. मी भराभर वाचत गेले की थांबवायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लावायचे.

ओढ्याकाठी आमची पाच एकर काळी जमीन होती. ती शेजारचे एक शेतकरी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर करायचे. ते आणि अब्बा एकाच वयाचे, एकाच आळीत वाढलेले. मी त्यांना काका म्हणायचे. काका बोलायला तुटक आणि कामाला चोख. ते अब्बांना मास्तर म्हणत. शेतातली प्रत्येक गोष्ट ते आमच्या ओसरीवर येऊन सांगत. अब्बांची नजर गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही, उलट जास्त बारकाईनं सांगू लागले. ओल किती आहे ते सांगताना मातीचं ढेकूळच आणून अब्बांच्या हातावर ठेवत.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला शेतीखात्याचा एक इन्स्पेक्टर गावात आला. तरुण होता, हैदराबादकडचा, मराठी त्याला जेमतेम कळायची. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या सहा-सात काचेच्या बाटल्या त्यानं चावडीवर मांडल्या आणि गव्हाच्या बियाण्याला लावायचं काहीतरी आहे असं सांगू लागला. लोकांनी ऐकून घेतलं, बाटल्या उन्हाकडं धरून बघितल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. मग कुणीतरी त्याला सांगितलं की उर्दू बोलणारे मास्तर पलीकडच्या आळीत राहतात. तो आमच्याकडं आला तो दुपार उलटेपर्यंत बसला.

मी दाराआडून ऐकत होते. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि तो शुद्ध उर्दू बोलत होता, पण सगळं समजत होतं. हरभरा उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात, त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि हवेतला नत्र धरून झाडाला देतात, असं त्यानं सांगितलं. गव्हाच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. पण दुसऱ्या जातीचे काही जीव मातीत मोकळेच राहतात, मुळांच्या आसपास वाढतात आणि तेच काम थोड्या प्रमाणात करतात. या बाटलीत ते आहेत. बियाण्याला लावून पेरलं तर ते मुळाबरोबर वाढतील.

अब्बांनी बाटली हातात घेतली, कापसाचं बूच चाचपलं आणि आत काय दिसतं ते मला विचारलं. मी पदर सावरून पुढं झाले. एका कडेला साबुदाण्याच्या खिरीसारखा थर होता आणि त्यावर तपकिरी साय धरली होती.

“हे जिवंत आहे?” अब्बांनी विचारलं.

इन्स्पेक्टर हो म्हणाला. अब्बांनी बाटली अगदी सावकाश खाली ठेवली.

त्यांनी दोन बाटल्या ठेवून घेतल्या. संध्याकाळी काका आले तेव्हा अब्बांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हवेतनं खत येतं म्हंता, मास्तर? मंग मी इतकी वर्सं शेण कशाला वाहिलं?”

अब्बा हसले. शेण वाहायचं थांबवू नका, असंच तो इन्स्पेक्टरही सांगून गेला होता. या जिवांना खायला शेणखतच लागतं. काका म्हणाले, बघू. बांधाच्या कडेचे दोन पट्टे त्यांनी कबूल केले, एक बाटलीचा आणि एक बिनबाटलीचा.

बाटलीबरोबर छापील चिठ्ठी होती. ती मी अब्बांना तीनदा वाचून दाखवली. थंड पाण्यात थोडा गूळ विरघळवा, बाटलीतला थर त्यात कालवा, बियाण्यावर शिंपडा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. आम्ही अक्षर न् अक्षर तसंच केलं. अम्मीला हे मुळीच पसंत नव्हतं. किडे धुऊन काढायचे की अन्नाला लावायचे, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली आणि बियाणं वाळेपर्यंत बाहेर आली नाही.

गहू उगवला. पौषात काका अब्बांना हात धरून शेतात घेऊन गेले, मी मागून गेले. अब्बांनीच सांगितलं होतं की कुठला पट्टा कुठला ते मला सांगू नका. ते रोपांच्या ओळीत उकिडवे बसले आणि एकेका रोपाच्या बुडाशी बोटं घालून फुटवे मोजू लागले. इकडं बरीच रोपं मोजली, तिकडं तितकीच. पानांची रुंदी चिमटीत धरून पाहिली. मग हात झटकून उठले.

“दोन्ही सारखंच आहे,” ते म्हणाले.

काकांनी काही टोमणा मारला नाही. ते नुसतं “व्हय” म्हणाले आणि अब्बांचा हात धरून बांधावरून परत निघाले. फाल्गुनात खळ्यावर माप झालं तेव्हाही काही फरक निघाला नाही. इन्स्पेक्टर येऊन वहीत लिहून गेला. गावातल्या चार जणांनी मला विचारलं की तुमच्या बाटलीतले किडे उडून गेले का. मी मान खाली घालून पाणी भरलं आणि घरी आले.

अब्बा मात्र ते सोडायला तयार नव्हते. मुलगा नापास झाला की आधी त्याचा पेपर पुन्हा बघावा, अशी त्यांची शाळेतली सवय. रोज सकाळी ती चिठ्ठी माझ्या हातात यायची. मला ती पाठ झाली होती, तरी ते म्हणायचे, पाठ म्हणू नकोस, बघून वाच. पाणी थंड होतं का? होतं. सावली होती का? पडवीतच सुकवलं होतं. त्याच दिवशी पेरलं का? पेरलं. मग बाटली औरंगाबादेहून येतानाच उन्हानं मेली असेल, असं मी कंटाळून म्हणाले. असेल, ते म्हणाले, पण आपल्या हातून काय झालं ते आधी शोधू.

ते मला सापडलं काकांच्या गोठ्यात. त्यांच्या एका बैलाच्या खुरात जखम होऊन अळ्या पडल्या होत्या. ताक मागायला म्हणून मी गेले तर काका खाली बसून बैलाचा पाय धरून होते आणि काकू वरून निळं पाणी ओतत होती. मोरचूद. जखमेतल्या अळ्या वळवळून खाली पडत होत्या आणि मातीत पडल्यावर हलत नव्हत्या.

मी तिथं उभीच राहिले. तेच निळं पाणी मी स्वतः बियाण्यासाठी कालवलं होतं. गव्हाला काणी पडू नये म्हणून काका दर वर्षी सगळं बियाणं मोरचुदाच्या पाण्यातून काढायचे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गव्हाच्या ओंब्याच्या ओंब्या काजळीसारख्या काळ्या झाल्या होत्या. नुसता हात लावला तरी काळी भुकटी उडायची. तेव्हापासून त्यांनी मोरचूद कधी चुकवलं नव्हतं. बाटलीचं बियाणंही आदल्या दिवशी त्याच पाण्यातून निघालं होतं. दोन दिवस माझी नखं निळी होती, तरी माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं.

ताक न घेताच मी घरी आले आणि अब्बांना सांगितलं.

“चिठ्ठीत मोरचुदाचं काही लिहिलंय?”

“नाही.”

“मग जाऊन विचार,” ते म्हणाले.

अम्मीनं कपाळाला हात लावला. मुलीच्या जातीनं कचेरीत जायचं म्हणजे काय, पत्र पाठवा, असं तिचं म्हणणं. अब्बा म्हणाले, पत्राला एकदाच उत्तर येतं, त्यावर उलट विचारता येत नाही, मला समोर बसून विचारलेलं हवं आहे, आणि मला स्वतःला तर आता समोरच्याचा कागद वाचता येत नाही. शेवटी काकांनी मला घेऊन जावं असं ठरलं. काकांना ही गोष्ट मी अजून सांगितली नव्हती. त्यांना एवढंच माहीत होतं की मास्तरांना बाटलीबद्दल काही विचारायचं आहे.

आम्ही करमाडहून गाडीनं औरंगाबादला गेलो आणि स्टेशनवरून छावणीच्या बाजूला चालत. कचेरीच्या दारात शिपायानं आम्हाला अडवलं. मोठ्या अदबीनंच, पण अडवलं. बाईमाणसाचं इथं काय काम, यांना आत जाऊ द्या, तुम्ही बाकावर बसा, असं म्हणाला. काकांना उर्दू बोलता येत नव्हतं आणि प्रश्न काय आहे तेही माहीत नव्हतं. मी बुरख्याच्या आतून चिठ्ठी काढली आणि त्याला म्हणाले की ही चिठ्ठी तुमच्या साहेबांनी आमच्या घरी दिलीय, तिच्यात एक गोष्ट लिहायची राहिलीय आणि ती सांगितल्याशिवाय मी परत जाणार नाही. पाय तिथून हलवायचे नाहीत, हे मी गाडीतच ठरवलं होतं.

आवाज ऐकून इन्स्पेक्टरच बाहेर आला. त्यानं आम्हाला आत बसवलं. मी मोरचुदाचं सांगितलं. बैलाच्या खुराचंही सांगितलं, कारण त्याशिवाय मला नीट मांडता येईना. तो लिहिता लिहिता थांबला. टाक दौतीत ठेवला, चिठ्ठी माझ्याकडून घेतली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग उठून आतल्या खोलीतल्या मोठ्या साहेबांकडं गेला. बऱ्याच वेळानं परत आला.

“तुमचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मोरचुदानं ते मेले असणार. हे आम्ही लिहायला हवं होतं.”

असं सरकारी माणूस कुणाला म्हणाल्याचं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. पण खरी अडचण पुढंच होती. मी काकांकडं वळून त्याचं बोलणं मराठीत सांगितलं आणि काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मोरचूद सोडायचं असेल तर बाटली नको, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. काळ्या ओंब्या त्यांनी बघितल्या होत्या, आम्ही नाही.

मी ते उर्दूत सांगितलं. इन्स्पेक्टरनं काकांना विचारलं की त्या ओंब्या कशा होत्या, दाण्याच्या जागी काळी भुकटी उघडीच होती का. काका व्हय म्हणाले. तेव्हा त्यानं समजावलं की त्या जातीची काणी दाण्याच्या पोटातच असते. मोरचूद दाण्याच्या वरवर राहतं, आतल्या काणीला ते पोचतच नाही. त्यावर वेगळा उपाय आहे. भर उन्हाळ्यात बियाणं सकाळी चार तास साध्या पाण्यात भिजवायचं आणि दुपारच्या कडक उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवायचं. भिजल्यावर आतली काणी जागी होते आणि उन्हात मरते. पंजाबात शेतकरी असं करतात.

काकांनी एकच विचारलं, मग इतकी वर्षं मी मोरचूद लावलं ते? इन्स्पेक्टर जरा अवघडला. दुसऱ्या एका काणीवर त्याचा उपयोग होतो, असं म्हणाला. परतीच्या गाडीत काका खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं आता. करमाडला उतरून गावाच्या वाटेला लागलो तेव्हा ते माझ्यापुढं चालत होते. मागं न बघता म्हणाले, “माझा पट्टा मी मोरचुदाचाच ठेवीन, माय. तुझ्या पट्ट्यात तू तुझं कर. पर बी मी निवडून दीन ते.”

मी हो म्हणाले. याहून जास्त मला काही नकोच होतं.

वैशाखात एक दिवस अंगण असं तापलं की कोंबड्या सावली सोडेनात, तेव्हा मी बियाणं काढलं. भिजवायला अम्मी तांब्याचं घंगाळ देत होती. मोरचूद तांब्यापासूनच करतात असं अब्बांनी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, म्हणून मी ते घेतलं नाही. मातीच्या माठात भिजवलं. चार तासांनी टोपलीत उपसून धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर चढवलं. अनवाणी पाय टेकवत नव्हते, म्हणून पायांना चिंध्या बांधल्या. बियाणं दाण्यावर दाणा येणार नाही असं पसरलं आणि दर थोड्या वेळानं हातानं फिरवत राहिले. दोन वाजायच्या सुमाराला शिडी हलली. काका वर आले होते, डोक्यावर ओलं उपरणं. खाली बसले, चार दाणे दाताखाली घालून पाहिले, अजून ओले आहेत म्हणाले आणि दुसऱ्या टोकाकडून फिरवायला लागले. अम्मीनं खालून ताकाचा तांब्या वर दिला. उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघं धाब्यावर होतो. शेवटी दाणा दाताखाली कट्‌कन फुटला तेव्हा काकांनी मान हलवली.

दिवाळीच्या आधी बाटली आणायला पुन्हा औरंगाबादला गेलो. या वेळी शिपायानं बाक दाखवला नाही. बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून, वर ओली माती घातलेल्या मडक्यात ठेवून आणली. गाडीत उन्हाच्या बाजूची जागा आली तेव्हा मडकं पायांच्या आड सरकवलं.

पट्टे तीन केले. एकात उन्हात वाळवलेलं बियाणं आणि बाटली. दुसऱ्यात तेच बियाणं, बाटलीशिवाय. तिसरा काकांचा, मोरचुदाचा. तीन पट्टे करायचं अब्बांनी सुचवलं. दोनच केले तर फरक पडला तरी कशानं पडला ते कळणार नाही, असं ते म्हणाले. तिन्हीत शेणखत सारखं आणि पेरणी एकाच दिवशी, काकांच्याच पाभरीनं. मी बियाणं टोपलीतून देत होते आणि बाटलीच्या पट्ट्याचं बियाणं देण्याआधी दर वेळी हात धूत होते. काकांना ते दिसत होतं. माझे हात सुकेपर्यंत ते पाभर थांबवत.

पौषात आम्ही अब्बांना घेऊन गेलो. सकाळ गार होती, रोपांवर दव होतं. काकांनी त्यांना आधी एका पट्ट्यात बसवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अब्बा मागच्यासारखेच बुडाशी बोटं घालून मोजत होते. ओठ हलत होते. त्यांच्या पायजम्याचे पाय ओले झाले तरी ते उठेनात. तिन्ही झाल्यावर म्हणाले, मला पुन्हा पहिल्याकडं न्या. काकांनी माझ्याकडं पाहिलं आणि अब्बांचा हात धरून त्यांना मुद्दाम लांबच्या वाटेनं, बांध ओलांडून, उलट्या बाजूनं आणलं आणि भलत्याच पट्ट्यात बसवलं. अब्बांनी दोन-तीन रोपं चाचपली.

“हा पहिला नाही,” ते म्हणाले. “पहिल्यात दर रोपाला एखादा फुटवा जास्त आहे. पानही जाड आहे. तिथं न्या.”

पहिला म्हणजे बाटलीचा पट्टा होता. काकांनी त्यांना आणखी एकदा फिरवलं. अब्बांनी पुन्हा तोच ओळखला. मधल्या आणि काकांच्या पट्ट्यात त्यांना काही फरक सांगता आला नाही. काका बांधावर बसले, चिलीम काढली आणि न पेटवता हातातच धरून राहिले. मग उठून स्वतः त्या पट्ट्यात गेले आणि अब्बांसारखेच खाली बसून, डोळे मिटून, फुटवे मोजू लागले. मला हसू आलं. मी पाठ फिरवून ओढ्याकडं बघत राहिले.

हे ऐकून कुणाला वाटेल की आमचं खळं दुप्पट भरलं. तसं झालं नाही. फाल्गुनात मळणी झाल्यावर काकांनी पायलीनं माप केलं. प्रत्येक पायलीवरून ते तळहात सारखा फिरवत होते, कुणाच्या पारड्यात चार दाणेही जाऊ नयेत म्हणून. बाटलीच्या पट्ट्याच्या दोन पायल्या जास्त निघाल्या. इन्स्पेक्टर म्हणाला, इतकंच होतं, आणि दर वर्षी होईलच असंही नाही. कापणीआधी काळ्या ओंब्या काकांच्या पट्ट्यात काही सापडल्या होत्या. आमच्याही पट्ट्यांत दोन-चार सापडल्याच, त्या मी स्वतः उपटून जाळल्या.

त्या दोन पायल्यांचं अम्मीनं वेगळं गाठोडं बांधून ठेवलं. किड्यांच्या गव्हाची रोटी मी करणार नाही, हे तिनं सांगून टाकलं होतं. एक दिवस अचानक पाहुणे आले आणि घरातलं पीठ संपलेलं होतं, तेव्हा तिनं मुकाट्यानं ते गाठोडं सोडलं. पाहुणे जेवून गेल्यावर मी तिला विचारलं की चव कशी होती. गव्हासारखीच, ती म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

काकांचं मात्र एक काम माझ्याकडं निघालं. शेंद्र्याकडच्या त्यांच्या सोयऱ्यांना बाटली हवी होती. पण चिठ्ठी उर्दूत, आणि वाचायला दर वेळी मी कुठून जाणार? काका म्हणाले, मला वाचता येईल असं लिहून दे. त्यांना बाळबोध लिपी वाचता यायची, अडखळत का होईना. मला मराठी बोलता यायची, पण एक अक्षर लिहिता येत नव्हतं. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पोथीचं फाटकं पान आणि माझ्यासाठी दगडी पाटी घेऊन ओसरीवर आले.

उन्हाळाभर ते मला शिकवत होते. अब्बा शेजारी बसून ऐकायचे. शिकवण्याची पद्धत काकांना ठाऊक नव्हती, त्यामुळं ते क पासून सुरू न करता गव्हाच्या ग पासून सुरू करायचे आणि अब्बा त्यांना मध्येच टोकायचे की मास्तर, आधी सोपी अक्षरं घ्या. काकांना मास्तर म्हणणारे अब्बाच पहिले. काका लाजून कान खाजवायचे. मला उजवीकडून लिहायची सवय, त्यामुळं पहिले काही दिवस हात पाटीच्या भलत्याच टोकाला जायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला मी ती चिठ्ठी मराठीत लिहिली. ‘साये में’ ला ‘सावलीत’ लगेच सुचलं. पण त्या न दिसणाऱ्या जिवांसाठीच्या ‘जरासीम’ ला शब्द सापडेना. काका म्हणाले किडे लिही. ते मला पटेना, कारण किडे म्हटलं की कुणीही आधी औषध शोधणार. शेवटी मी ‘बाटलीतला जीव’ असं लिहिलं. मोरचूद लावलेल्या बियाण्याला हे लावू नये, ही ओळ मी सगळ्यांत वर घातली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. इन्स्पेक्टरनं पुढच्या फेरीत तो कागद घेतला आणि समोर बसून नक्कल करून नेली. माझं नाव लिहू का म्हणून त्यानं विचारलं. नको म्हणाले. तेव्हा नको वाटलं होतं, आज वाटतं लिहू द्यायला हवं होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी खुलताबादला आले. इथली जमीन डोंगरावरची, हलकी, टाचेएवढ्या मातीखाली मुरूम. सासऱ्यांचा दर्ग्यापलीकडं एक तुकडा होता, विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू व्हायचा. मी आल्या आल्या मोठ्या उत्साहानं बाटली मागवली, उन्हात बियाणं वाळवलं, पट्टे आखले. काहीच झालं नाही. दोन्ही पट्टे सारखेच खुरटे. सासरे चांगले होते, ते हसले नाहीत, पण दीर-जावांना हसायला विषय मिळाला.

मी अब्बांना उर्दूत पत्र लिहिलं, ते त्यांचा एक जुना विद्यार्थी वाचून दाखवणार होता, आणि काकांना मराठीत. दोघांचं उत्तर एकाच पाकिटात आलं, अब्बांनी सांगितलेलं आणि काकांनी आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं. अब्बांनी लिहवलं होतं की त्या जिवांना खायला काही नसेल तर ते राहतील कशावर, आधी जमिनीला खाऊ घाल. त्याखाली काकांनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती. “बाई, घाई करू नको. शेण टाक.”

त्या हिवाळ्यात मी तुकड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. मुरूम लागला तेव्हा सासऱ्यांनी पहार आणून दिली. घरचं शेण, शेजारच्या म्हशींचं शेण, आवारात पडणारा लिंबाचा पाला, राख, सगळं मी त्यात टाकत गेले आणि वरून पाणी. जावा नाकाला पदर लावून जायच्या. पहिल्या वर्षी अर्धा तुकडा झाकला जाईल एवढंच खत निघालं. दुसऱ्या वर्षी तिथं हरभरा पेरला आणि उपटून मुळांवरच्या गाठी सासऱ्यांना दाखवल्या. त्यांनी एक गाठ नखानं फोडली, आतला गुलाबी रंग पाहिला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता स्वतः पाटीभर शेण घेऊन खड्ड्यापाशी आले. तिसऱ्या वर्षी त्या अर्ध्या तुकड्यात मी पुन्हा गहू पेरला, एक पट्टा बाटलीचा आणि एक बिनबाटलीचा. पौषात डोळे मिटून फुटवे मोजले तेव्हा बाटलीच्या पट्ट्यात दर रोपाला एखादा जास्त लागला.